जेवणाच्या वेळची गाठ

जबड्याखालच्या त्या गाठीला वेळेचे भान होते, एवढे फोटोवाल्यांना मान्य करावे लागले. पहिला घास तोंडात गेला की ती उजवीकडे सुपारीएवढी वर येई, ठणकू लागे. ताट उचलल्यावर तासाभरात ओसरून जाई. आयुष्यभर लोकांच्या हनुवट्या दोन बोटांनी वर करून 'हलू नका' म्हणणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या हनुवटीखाली बोट नेण्याचे धाडस होत नव्हते. तरुणपणी ते तंबाखू खात. तंबाखू त्यांनी केव्हाच सोडला होता. पण तंबाखूने आपल्याला सोडले असेल का, हा प्रश्न त्यांना घासागणिक पडे. कर्करोग हा शब्द घरात कोणीच उच्चारत नव्हते. म्हणूनच तो घरभर वावरत होता.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी गाठीची सोनोग्राफी करायला सांगितले.

सोनोग्राफीची डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. आत आलेल्या फोटोवाल्यांची चाल पाहून ती म्हणाली, "काका, एवढे अवघडलात का?"

"तयारीने आलोय. सकाळपासून पोटात कण नाही, आणि तांब्याभर पाणी प्यायलोय. फक्त आता लवकर घ्या, फार वेळ धरवणार नाही."

डॉक्टरीणबाईने हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. "जबड्याची सोनोग्राफी आहे ना?"

"हो."

"मग जबड्याचा आणि लघवीचा काय संबंध, काका?"

फोटोवाल्यांनी मान वळवून बरोबर आलेल्या बायकोकडे पाहिले.

"माझ्या पोटाच्या वेळी असंच सांगितलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. "यांच्यासाठी नियम वेगळा असेल असं काही वाटलं नाही मला."

"आधी जाऊन या," डॉक्टरीणबाई कशीबशी गंभीर राहत म्हणाली.

ते परत आले तेव्हा चेहरा निम्मा उजळला होता. गळ्यावर गार जेल पडले, त्यावरून यंत्राची दांडी फिरू लागली आणि पडद्यावर राखाडी ढग सरकू लागले. फोटोवाल्यांना राहवले नाही.

"फोटो जरा काळपट येतोय."

"हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाली. मग कपाळाला आठी घालून तिने विचारले, "पण गाठ आहे कुठे?"

"ती जेवतानाच येते."

"आणि तुम्ही उपाशी आलात! धन्य आहे." तिने मदतनीस बाईंना हाक मारली. "मावशी, फ्रीजमधून लिंबाची फोड आणा."

फोड जिभेवर ठेवताच तोंडाला पाणी सुटले, आणि हाक मारल्यासारखी गाठ वर येऊ लागली.

"आली! आली बघा!" लांबची पाहुणी दारात दिसावी तशी बायको उठून उभी राहिली.

पडद्यावर एक काळी नळी रुंद झाली. तिच्या टोकाशी पांढरा शुभ्र ठिपका चमकला, आणि त्याच्या मागे काळाकुट्ट पट्टा उमटला. फोटोवाल्यांनी लिंबू गालात सरकवले. त्यांच्या धंद्यात चेहऱ्यावर सावली पडली की फोटो वाया जाई. इथे काय वाया जाणार होते?

"डॉक्टर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ती सावली..."

"सावलीच तर शोधत होते मी. लाळेच्या नळीत खडा अडकलाय. खड्यातून आवाजाच्या लहरी पार जात नाहीत, म्हणून त्याच्यामागे अंधार दिसतो. जेवताना लाळ सुटते, वाट बंद असते, मग ग्रंथी फुगते. तांदळाच्या कणीएवढा आहे."

"खडा," फोटोवाले म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आणि ते दुसरं?"

कोणते दुसरे, हे तिने विचारले नाही. तिने दांडी पुन्हा हातात घेतली आणि जबड्याखालून, मानेच्या दोन्ही बाजूंनी, अगदी सावकाश फिरवली. बायको अजून उभीच होती.

"दुसरं काही दिसत नाही," शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाली. "ग्रंथीत नाही, मानेतही नाही. खडा जिभेखालूनच काढता येईल."

"एकदा यंत्र पुसून पुन्हा बघता का?"

"काका, यंत्र स्वच्छ आहे. मन पुसा."

बाहेर पायरीवर फोटोवाले चपला घालायला वाकले, आणि बायकोचे तोंड सुटले.

"वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगतेय, पाणी प्या, पाणी प्या! दिवसभर दिव्यांच्या उजेडात बसायचं आणि कपभर चहावर ढकलायचं. खडे नाही होणार तर काय मोती होणार? आणि गाठ आली तरी सांगितलं कधी? मीच ताटावर बघितली तेव्हा कळलं! माणूस आहात का दगड?"

पायरीवरची माणसे वळून पाहू लागली. फोटोवाले वाकलेलेच राहिले. गाठ दिसल्यापासून तिने आवाज चढवलाच नव्हता. म्हणतील त्याला हो म्हणत होती, उशीला अभ्रासुद्धा रोज धुतलेला घालत होती. त्या गोडव्याच्या भीतीपुढे गाठीची भीती काहीच नव्हती, हे त्यांना आत्ता कळले.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले, आणि घातलेली चप्पल काढून पुन्हा घालू लागले. "मोत्यांचं काय म्हणालीस? तेवढं परत म्हण."