पिक्रिया

मंगलाने तोंडावर रुमाल बांधला आणि भिंतीला कान लावला. पलीकडच्या खोलीत तिची थोरली जाऊ, विधवा सरलाबाई, पुन्हा खोकली. प्लेगच्या भीतीने सुरतेच्या उधन्यातली चाळ दुपारपर्यंत ओस पडली होती. कापडाचे लूम बंद असल्याने तो खोकला फारच जवळ वाटत होता.

"चल," भिकन दारातून म्हणाला. नवऱ्याच्या हातात गाठोडं होतं. "रिक्षावाला थांबायचा नाही."

"तुमच्या वहिनींना कोण बघणार?"

भिकनने मान फिरवली. "तिच्या दारात जायची माझी हिंमत नाही."

खोकला ऐकून मंगलाला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि त्याचीच तिने प्लेगहून जास्त धास्ती घेतली होती. तिने ख्रिस्ती धर्म घेतला, त्याच वर्षी तिची मुलगी तापाने गेली. "देव बदललास, म्हणून पोर गेली," सरलाबाई पोरीच्या मातीला म्हणाली होती. तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलातल्या कडूपणाचा मूळ ग्रीक शब्द सांगितला: पिक्रिया. मुळात तो चवीचा नव्हे, टोकाचा शब्द, ते म्हणाले. टोचतं, चिरतं, आत रुतलं की मूळ धरतं. तेव्हा मंगलाला वाटलं, हे टोक सरलाबाईच्या जिभेचं. आज ते तिला स्वतःच्या आत सापडलं.

तिने मीठ-साखरेचं पाणी केलं आणि शेजारचं दार ढकललं. सरलाबाई तापाने फणफणली होती. मंगलाने तिची मान उचलून पेला ओठांना लावला. एक घोट घेताच ती मागे सरकली.

"काय कालवलंस यात?"

"मीठ-साखर."

"आधी तू पी."

मंगला थिजली. या बाईलाही आपली भीती वाटते, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पेल्याच्या काठावर थुंकी चमकत होती. तिने रुमाल खाली ओढला, डोळे मिटले आणि दोन घोट घेतले.

सरलाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेला ओढून घेतला आणि उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"आता जा," ती म्हणाली. "तुला लागण होईल."

मंगला भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर रिक्षा सुरू झाली आणि दूर गेली. थोड्या वेळाने भिकनची पावलं दारापर्यंत येऊन अडली.

"वहिनी," तो बाहेरूनच म्हणाला, "दवाखान्याची गाडी मिळते का बघतो."