चार्ज एकदाच बसेल

सिस्टरना घराबाहेर सगळे सिस्टर म्हणत आणि घरात नवराही. परदेशातल्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी उभी हयात काढली होती. नवरा त्याच हॉस्पिटलात स्टोअरकीपर होता. कापसाच्या गुंडाळ्या आणि सलाइनच्या बाटल्या खिडकीतून बाहेर देता देता दोघांचं जमलं, आणि लग्नानंतरही त्यांच्या तोंडातली 'सिस्टर' काही गेली नाही. आई म्हणणारी दोघंच, मुलगा आणि सून. आणि ताई म्हणणारी एकच, माहेरच्या गावी राहणारी धाकटी बहीण.

रिटायर झाल्यावर दोघं मुलाकडे आली. मुलगा तिसऱ्याच देशात लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी. पेन्शन मात्र नोकरीच्या जुन्या देशातून, हॉस्पिटलच्या फंडातून यायची. दोघांची वेगवेगळी, वेगवेगळ्या खात्यांत.

ती निघायची धड आणि पोचायची कुरतडलेली. पाठवणारी बँक काही कापायची, इथली बँक पैसे आले म्हणून काही कापायची, आणि दोघींच्या मधे आणखी एक बँक होती तीही कापायची. ही मधली बँक कुठली, ती नक्की करते काय, हे काउंटरवरच्या बाईंनाही सांगता यायचं नाही. "मधे एक असते," एवढंच त्या म्हणायच्या.

"वाटेत कोणीतरी बसलेला असतोच," स्टोअरकीपर म्हणायचे. "आमच्या स्टोअरला होता एक. दहा गुंडाळ्या आल्या की दोन त्याच्या घरच्या गाद्यांत."

रक्कम लहान असो की मोठी, चार्ज सारखाच. हत्तीलाही तेवढाच चिमटा आणि मुंगीलाही तेवढाच. सिस्टरांची पेन्शन मुंगीची. मुलगा झाल्यावर मधली काही वर्षं त्यांनी अर्धवेळ काम केलं होतं, ते म्हातारपणी असं वसूल होत होतं.

एका रविवारी जेवताना मुलानं तोडगा काढला. "फंड एकच आहे ना? मग दोघांची एकाच खात्यात मागवा. एकच रक्कम निघेल, चार्ज एकदाच बसेल."

"कोणाच्या खात्यात?" सिस्टरांनी विचारलं.

"बाबांच्या. त्यांची मोठी आहे."

हा प्रश्न आहे असं कोणाला वाटलंच नाही. सून तेवढी पाणी ओतता ओतता क्षणभर थांबली. सिस्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी संमती दिली आणि त्यांचं खातं बंद झालं.

त्या खात्यामागे त्यांचा एक नेम होता. पेन्शन जमा झाली की त्या एकट्या बसनं बँकेत जायच्या, थोडे पैसे काढायच्या, दोन दुकानं सोडून एक परदेशी पैसे पाठवणारा होता त्याच्याकडून धाकटीला ठरलेली रक्कम पाठवायच्या आणि मग बागेच्या कठड्यावर जरा टेकून घरी यायच्या. धाकटीचा नवरा लवकर गेला होता. ती शिवणकाम करायची, मुलगी छापखान्यात लागली होती. धाकटीला साखरेचा आजार फार वर्षांचा. इन्सुलिनचा खर्च ताईचा, हे दोघी बहिणींत कधीतरी ठरलं होतं आणि पुन्हा त्यावर बोलणं झालं नव्हतं. स्टोअरकीपरांना माहीत होतं. बायको स्वतःचे पैसे पाठवते आहे, तोवर त्यांनी कधी चौकशीही केली नव्हती.

आता ते पैसे त्यांच्या हातून जाणार होते.

त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "देऊ की. धाकटी काय मला परकी आहे?" ते म्हणाले. "पण दर महिन्याला पाठवायचं म्हणजे दर महिन्याला त्या दुकानदाराचं कमिशन. त्यापेक्षा तीन महिन्यांचे बँकेतूनच पाठवू. चार्ज एकदाच बसेल."

मुलानं वापरलेलेच शब्द. सिस्टरांच्या ते लक्षात आलं, पण पहिल्या वेळी जे पटलं ते दुसऱ्या वेळी कसं खोडायचं, हे त्यांना सुचलं नाही.

फोनवर धाकटी म्हणाली, "बरंच की, ताई. एकदम आले की औषध एकदम भरून ठेवता येईल."

तसं होत नाही. एकदम आलेला पैसा एकदम जातो. धाकटीच्या शिवणयंत्राची मोटर जळली होती, किराणा दुकानदाराची उधारी तुंबली होती. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला 'हे इन्सुलिनचे आहेत' असं सांगता येत नाही. तिसरा महिना उजाडला तेव्हा शेवटची बाटली अर्ध्यावर आली होती. धाकटीनं ती पुरवून पुरवून वापरायला सुरुवात केली. हे घरात मुलीलाही माहीत नव्हतं.

पुढची रक्कम पाठवायची वेळ आली तोवर स्टोअरकीपरांना मोबाइलवर चलनाचा भाव बघायची सवय लागली होती. मुलानंच दाखवलं होतं. सकाळी चहाच्या आधी चष्मा लावून ते भाव बघत आणि घरभर ऐकू जाईल असा सांगत. आज चढला, आज पडला. रिटायर झाल्यापासून त्यांच्या ताब्यात कुलूप-किल्ली असं काही उरलं नव्हतं. आता पुन्हा काहीतरी सांभाळायला मिळालं होतं. त्यांची भूक सुधारली, ते दाढी रोज करू लागले. सिस्टरांना ते दिसत होतं आणि बरंही वाटत होतं.

"अहो, धाकटीचे पाठवायचे आहेत," त्या म्हणाल्या.

"पडलाय आज. आठ दिवस थांबू."

आठ दिवसांनी तो आणखी पडला. मग तर थांबणं भागच, कारण आता पाठवले तर आधी थांबल्याचा काय उपयोग.

"पाठवून टाका ना. राहू दे भाव."

"तिलाच कमी मिळतील, सिस्टर. तुझ्या बहिणीच्याच भल्याचं सांगतोय."

सून भाजी चिरत होती. स्टोअरकीपर खाली फिरायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, माझ्याकडचे पाठवू का तोवर? मग द्या सावकाश."

"नको गं."

"कोणाला सांगणार नाही मी."

"माझे पैसे आहेत ना? माझे असताना तुझे कशाला?" सिस्टर म्हणाल्या, आणि भाजीचं ताट तिच्या हातातून घेऊन स्वतः चिरू लागल्या. आयुष्यात त्यांनी कोणाचं उसनं घेतलं नव्हतं. नवरा आपलेच पैसे देत नाही, हे सुनेपुढे कबूल करण्यापेक्षा आठ दिवस थांबणं त्यांना सोपं वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी धाकटीला फोन लावला. "इन्सुलिन चालू आहे ना?"

"चालू आहे."

"किती घेतेस?"

"तेवढंच."

"पाय बघतेस रोज? दाखव मला."

"अगं, कॅमेरा नीट नाही या फोनचा. बघते मी. काही नाही झालेलं."

उत्तरं फार पटापट येत होती. वॉर्डात औषध न दिलेली आई अशीच पटकन 'दिलं' म्हणायची. सिस्टर फोन ठेवून सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या.

"आत्ता पाठवा."

स्टोअरकीपरांनी वर पाहिलं. "काल जरासा चढलाय. उद्या आणखी..."

"मी आत्ता म्हणते आहे."

"आत्ता बँक बंद. उद्या सकाळी पहिलं काम ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी निघाली, कुठल्याच बँका उघड्या नव्हत्या. त्याच दुपारी भाचीचा फोन आला. आईचा पाय काळा पडला होता. ती बरेच दिवस घरातही मोजे घालून फिरत होती, गार लागतं म्हणून सांगत होती. ताप डोक्यात गेला तेव्हा कळलं. हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं होतं, पाय काढावा लागेल म्हणत होते, आणि आधी पैसे भरायला सांगत होते.

"पाठवतो, आत्ता पाठवतो," स्टोअरकीपर फोनच्या बाजूनं मोठ्यानं म्हणाले. बँक उघडल्या उघडल्या ते जाऊन उभे राहिले. तीन महिन्यांचे, शिवाय त्यांनी आपल्याकडचे वर घातले. भाव विचारला नाही. पण नेहमीपेक्षा मोठी रक्कम म्हणून ती मधल्या बँकेत अडकली. कोण पाठवतंय, कशासाठी, नातं काय, असे प्रश्न आले. स्टोअरकीपरांनी मुलाला बसवून सगळ्यांची उत्तरं पाठवली. सुनेनं या वेळी कोणाला न विचारता स्वतःचे पैसे बँकेजवळच्या त्या दुकानदाराकडून धाडले. ते तासाभरात पोचले आणि त्यांतून ऑपरेशन झालं. पण विष रक्तात भिनलं होतं. धाकटी शुद्धीवर आली नाही.

अडकलेली रक्कम ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोकळी झाली.

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी गॅलरीतले कपडे काढले, घड्या घातल्या, मुलाचे मुलाच्या कपाटात, नवऱ्याचे नवऱ्याच्या. विमानाचं तिकीट मिळून त्या पोचेपर्यंत काही उरणार नव्हतं. त्या गेल्या नाहीत.

काही आठवड्यांनी भाचीचा फोन आला. "मावशी, ते पैसे मी घेतले नाहीत. बँकेला परत पाठवायला सांगितलंय. वहिनीचेही फेडणार आहे, हप्त्यानं."

"अगं, तुझ्या आईचे होते ते."

"आईला हवे होते तेव्हा आले नाहीत." ती चिडून बोलत नव्हती, थकलेली होती. "शेवटची बाटली मी फेकली नाही अजून. तिनं बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या, कुठवर पुरवायची त्याच्या. मला काही बोलायचं नाहीये, मावशी. तू फोन कर, मी बोलेन. पैसे नको."

पैसे परत आले. जाताना तिघांनी कापलं होतं, येताना तिघांनी कापलं, दोनदा चलन बदललं. स्टोअरकीपरांनी ती रक्कम मोबाइलवर पाहिली आणि पहिल्यांदाच कोणाला सांगितली नाही. बराच वेळ ते खिडकीशी बसून होते. सुनेनं दोनदा चहा गरम केला.

सिस्टरांनी त्याच आठवड्यात पेन्शन वेगळी करायचं काढलं.

मुलाला ते समजेना. "आई, आता तर कोणाला पाठवायचंही नाही. मग दर महिन्याला उगाच दुसरा चार्ज कशाला भरायचा?"

"तुम्ही जरा गप्प बसा," सून म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासू-सासऱ्यांदेखत ती नवऱ्याला असं कधी बोलली नव्हती.

"बसू दे चार्ज," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या पैशावर बसेल."

संमती मागे घ्यायची तर नवऱ्याचीही सही लागत होती. दोघं बसनं गेली. काउंटरवरच्या बाईंनी कागद वाचले आणि चष्म्यावरून पाहिलं. "यात तुमचं नुकसान आहे, आजी. सांगून ठेवते."

"माहीत आहे मला."

स्टोअरकीपरांनी सही केली, पण पेन खाली ठेवलं नाही. "सिस्टर, मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं."

"नव्हतं चिंतलं."

"मग मला काहीतरी बोल तरी."

काउंटरवरच्या बाईंनी मान खाली घालून शिक्के मारायला सुरुवात केली.

"काय बोलू?" सिस्टर म्हणाल्या. "सूनबाई देत होती तेव्हा मी घेतले नाहीत. तुम्हाला बोलायला लागले तर थांबायचं कुठे, ते मला कळत नाही."

घरी जाताना बसमध्ये दोघं शेजारी बसली, कारण सीट तेवढीच रिकामी होती. दोन खोल्यांच्या घरात रुसायलाही वेगळी जागा नव्हती. एकाच पलंगावर झोपायचं, एकाच टेबलावर जेवायचं, मीठ द्यायचं-घ्यायचं. तेवढं बोलणं होई. स्टोअरकीपरांनी भाव बघणं सोडलं. दाढी पुन्हा दोन दोन दिवस राहू लागली. एकदा त्यांनी आपली पेन्शन काढून आणली आणि पाकीट सिस्टरांच्या उशाशी ठेवलं. सिस्टरांनी ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाटात, शर्टांच्या घडीखाली नेऊन ठेवलं.

सिस्टरांची पेन्शन त्यांच्या खात्यात येऊ लागली, कुरतडलेलीच. त्या दर महिन्याला जात, थोडे पैसे काढत आणि घरी येत. पाठवणाऱ्याच्या दुकानासमोरून जायला लागू नये म्हणून त्यांनी बसचा थांबा बदलला.

भाचीला मात्र त्या फोन करत. कधी ती उचले, कधी नाही. आईचा आजार लेकीत उतरतो, एकदा रक्त तपासून घे, म्हणून त्या मागे लागल्या. तपासणीचे पैसे देऊ का, असं विचारलंही. भाची नको म्हणाली. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी तिनं रिपोर्टचा फोटो पाठवला, सोबत एक शब्द नाही.

सिस्टरांनी आकडे नीट वाचले, फोटो मोठा करून पुन्हा वाचले. साखर सगळी जागच्या जागी होती. स्टोअरकीपर समोर पेपर धरून बसले होते.

"भाचीचा रिपोर्ट चांगला आला," त्या म्हणाल्या.

धाकटी गेल्यापासून त्या घराबद्दल त्या नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. स्टोअरकीपरांनी पेपर खाली केला. आणखी काही येईल म्हणून ते थांबले.

"बरं झालं," शेवटी ते म्हणाले.

सिस्टर उठून आत गेल्या.