गच्चीवरचं घोंगडं

शेवटचा स्क्रू काढताना प्रियंकाच्या बोटाला चटका बसलाच. शर्टाची बाही ओढून बोटावर घेतली होती, तरी बसला. तिनं त्या स्क्रूला एक कचकचीत शिवी हासडली, दुसरी आपल्या कंपनीच्या शिवयोगी साहेबांना, तिसरी दवाखान्याच्या मॅनेजरला, आणि उरलेल्या सगळ्या शिव्या सोलापूरच्या मे महिन्याला. मग पत्रा उचलून बाजूला ठेवला आणि मशीनच्या पोटात डोकं घातलं. आत सगळं ठाकठीक होतं. काल ठाकठीक होतं, परवाही होतं, आणि तिचं डोकं फिरलं होतं ते नेमकं ह्याच गोष्टीनं.

चार मजली दवाखान्याच्या गच्चीवर हे पॅकेज युनिट बसवलेलं होतं. आडवं टाकलेल्या लोखंडी कपाटाएवढा पत्र्याचा डबा. थंडीत गरम हवा आणि उन्हाळ्यात गार हवा, दोन्ही ह्याच्यातूनच तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत जायची. त्या खोलीत दिवस भरण्याआधी जन्मलेली पाच बाळं होती. सोमवारी दुपारी मशीन पहिल्यांदा बंद पडलं. प्रियंकानं येऊन पाहिलं तर मागची जाळी शेजारच्या बांधकामाच्या धुळीनं बुजली होती. तिनं ती पाण्यानं धुतली, फिल्टर झटकले, मशीन सुरू केलं आणि पुढच्या कामाला पळाली. विषय तिथंच संपायला हवा होता.

संपला नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस दुपारी एकच्या सुमाराला मशीन पुन्हा बंद. खाली खोली तापायची, नर्स बायकांची पळापळ व्हायची, फोनवर फोन. प्रियंका गावाच्या दुसऱ्या टोकाकडून स्कूटी हाणत चारपर्यंत पोहोचायची, लाल बटण दाबायची, आणि मशीन गुणी बाळासारखं चालू व्हायचं. वायर बघ, पंखा बघ, गॅसचा दाब बघ. कुठं काही नाही. तिन्ही दिवस तिनं कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं आणि तिन्ही दिवस मॅनेजरनं तो कागद तिच्याकडे बघत मोठ्यानं वाचला.

आज सकाळी त्यानं निर्वाणीचं सांगितलं होतं.

“आज बंद पडलं तर उद्या खोलीला कुलूप. बाळं दुसरीकडे हलवणार आणि तुमच्या कंपनीचा करार रद्द. आणि साहेबांना सांगा, पुढच्या वेळी मुलगी पाठवू नका, मेकॅनिक पाठवा.”

शिवयोगी साहेबांनी फोनवर एवढंच म्हटलं, “करार गेला तर तुला ठेवून मी काय करू, ते तूच सांग.”

आयटीआयच्या वर्गात बावीस पोरांत ती एकटी होती. तेव्हाही मशीन बंद पडलं की मास्तरांसकट सगळे आधी तिच्याकडे बघायचे, आणि चालू झालं की कुणीच बघायचं नाही. माळशिरसकडे मेंढरं राखणाऱ्या बापाची पोर, पाच वर्षं उन्हातान्हात गच्च्या तुडवून कमावलेली नोकरी, ती एका डब्याच्या लहरीवर जायची म्हणजे काय? आज ती अकरालाच येऊन बसली होती. बंद पडायचं तर माझ्यासमोर पड म्हणावं.

तिनं पत्रा परत लावला, दाब दाखवणारं घड्याळ जोडलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडी ठोकली. काटा तीनशेवर स्थिर होता. चारशेच्या पुढे गेला की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण चारशेला जातंच कशाला? साडेबारा वाजले. काटा तीनशेवर. पाऊण वाजला. काटा तिथंच.

मग फोन आला. मॅनेजर इंद्रजीत साहेब खाली बोलावत होते.

“सर, मी मशीनजवळ बसलेय. आत्ता नाही येता येणार.”

“डॉक्टर विचारतायत. दोन मिनिटं या.”

दोन मिनिटांची वीस झाली. डॉक्टर नव्हतेच. इंद्रजीत साहेबांनी गार केबिनमध्ये तिला उभं करून चार दिवसांचा पाढा वाचला. कोणत्या दिवशी किती वाजता, खोलीचा पारा कितीवर, कोणत्या बाळाच्या बापानं किती आरडाओरडा केला. प्रियंका दातावर दात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एक वाजून दहा मिनिटांनी तिनं “आले” म्हटलं आणि त्याचं वाक्य अर्धवट टाकून जिना गाठला. लिफ्ट तळमजल्यावर होती, थांबायला वेळ नव्हता.

गच्चीच्या दारातच तिला आवाज वेगळा लागला. पंख्याला धाप लागली होती. ती मशीनला वळसा घालून मागे गेली आणि जागच्या जागी थबकली.

मागच्या जाळीवर, वरपासून खालपर्यंत, काळं घोंगडं पांघरलं होतं. ओलंचिंब. पंख्यानं ते आत ओढून घेतलं होतं आणि ते जाळीला असं चिकटलं होतं की वाऱ्याला सुईएवढी वाट नव्हती. खाली पाण्याचं थारोळं, आणि थारोळ्यात रिकामी बादली हातात घेऊन एक म्हातारा उभा. डोक्याला पटका, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी.

काटा तीनशे नव्वदवर होता.

तिनं दोन्ही हातांनी घोंगडं खसकन ओढलं. पाण्यानं जड झालेलं ते ओझं तिच्या पायावर कोसळलं. काटा क्षणभर थरथरला, मग हळूहळू मागं सरकायला लागला. तीनशे सत्तर. तीनशे चाळीस. मशीन चालूच राहिलं.

आणि मग प्रियंकाच्या तोंडाचा पट्टा सुटला. दवाखान्यात ती जपून, शाळेतल्या भाषेत बोलायची. ती भाषा आता कुठल्या कुठे गेली.

“ह्ये कुनी टाकलं? तुमी? चार दिस माझ्या जिवाला घोर लावलाय ह्यो तुमी? नोकरी चालली माझी! त्या केबिनीत उभं करून मानसं थुंकायची तेवढी ऱ्हायली माझ्यावर, आन् तुमी हितं घोंगडी धुताय? दुसरी जागा न्हवती गावात?”

म्हाताऱ्यानं बादली खाली ठेवली.

प्रियंकानं खिशातून फोन काढला. पुरावा. घोंगडं, बादली, म्हातारा, मागं मशीन, सगळं एका फोटोत. हा फोटो इंद्रजीत साहेबांच्या टेबलावर आपटायचा आणि काही न बोलता बाहेर पडायचं. करार राहील, नोकरी राहील, आणि त्या माणसाचं तोंड बघायला मिळेल ते वेगळंच. तिनं फोन डोळ्यांसमोर धरला.

फोटो काढतायत हे बघून म्हाताऱ्यानं पटका नीट केला, खोचलेलं धोतर खाली सोडलं आणि हात जोडून ताठ उभा राहिला.

तिच्याच्यानं बटण दाबवेना. तिनं फोन खाली घेतला, आणि फोन खाली घेतल्याचाही तिला राग आला.

“घोंगडं का टाकलं, आबा?”

“तुमीच म्हनला हुता की.”

“मी?”

“सोमवारी. जिन्यात. म्या इचारलं, ताई, मशीन का वं बंद पडली? तुमी म्हनला, ऊन सोसंना झालंय त्याला.”

सोमवारी जिन्यात कोण भेटलं, प्रियंकाला आठवेना. सोमवारी तिला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. कुणीतरी काहीतरी विचारलं असेल आणि आपण काहीतरी फेकलं असेल तोंडावर. कुणी म्हातारंकोतारं विचारायला आलं की ती असंच करायची. जाळी, धूळ, दाब, हे त्यांना काय कळणार? चार शब्द टाकायचे आणि सुटायचं.

“माजी लेक हाय हितं,” म्हातारा सांगत होता. “सातव्या म्हैन्यात बाळंतीन झाली. पोरगं सव्वा किलोचं. काचंच्या खोलीत ठिवलंय. नर्सबाई म्हनली, वरच्या मशीनीवर हाय समदं. मग म्हनलं, मशीनीलाच ऊन सोसंना, तर पोराचं कसं? मेंढरू उन्हानं धापा टाकाय लागलं की आमी वलं घोंगडं टाकतो अंगावर. वाचमन जेवाय बसला की खालच्या हौदातनं पानी आनतो. दोन बादल्या लागत्यात.”

चार मजले. दोन बादल्या. प्रियंकानं त्याच्या पायांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. माळावर उन्हानं आडव्या झालेल्या मेंढीवर तिचा बाप असंच ओलं घोंगडं टाकायचा, आणि घागर घेऊन पळायची ती हीच.

“आन् काढत कवा हुता?”

“थोड्या येळानं मशीन गप हुती की. मेंढराची धाप थांबली म्हंजी त्येला बरं वाटलं. तसंच म्हनलं, गार झाली, निवांत झाली. मग काढून घ्यायचो.”

मशीन गप झालं की हा माणूस समाधानानं घोंगडं काढून खाली जात होता, आणि खाली ती खोली तापायला लागत होती.

“खाली कुनी सांगितलं न्हाय तुमाला? बंद पडतंय म्हून?”

“आमाला पाचला सोडत्यात पोराला बघाय. काचंतनं. तवा खोली गारच असती.”

पाचला गार असायचीच. चारला येऊन ती स्वतः मशीन चालू करून जात होती.

तिनं त्याचं मनगट धरलं आणि हात मशीनच्या वरच्या पंख्यासमोर नेला. भट्टीतल्यासारखी झळ आली तसा त्यानं हात मागं घेतला.

“ह्ये बगा आबा. खोलीतली सगळी गरमी ह्ये इथनं भायेर टाकतंय. आन् त्यासाठी वारं घेतंय ह्या मागच्या जाळीतनं. ती झाकली की...”

“म्हंजी नाक दाबलं म्या त्येचं.”

“व्हय.”

व्हय तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं, की हेही आपण सोमवारसारखंच फेकलंय.

म्हातारा उकिडवा बसला. हिशोब त्याचा पक्का होता.

“मंगळवार, बुधवार, गुरुवार,” तो म्हणाला. “तीन दिस.”

प्रियंकाचा राग अजून होता, पण आता तो कुणावर काढायचा ते तिला लख्ख कळलं होतं, आणि ते माणूस तिच्याच बुटांत उभं होतं.

“तुमी इचारलं हुतं,” ती म्हणाली. “म्या धड सांगितलं न्हाय. तीन दिस आपल्या दोघांचं हाय, आबा. एकट्याचं न्हाय.”

जिन्यात बूट वाजले. इंद्रजीत साहेब कपाळ पुसत दारात उभे राहिले. गच्चीवर यायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

“काय मॅडम? बोलता बोलता निघून काय जाता? पडलं का बंद?”

“नाही सर. चालू आहे. कारण सापडलं.”

“चार दिवसांनी?”

“मागच्या जाळीची हवा अडत होती. माझ्याकडून राहिलं ते.”

इंद्रजीत साहेबांना हे इतकं सरळ येईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

“लिहून द्याल?”

प्रियंकानं मशीनवर कागद ठेवला. ‘कारण’च्या रकान्यात तिनं लिहिलं, जाळीची हवा अडली होती, सोमवारी द्यायला हवी होती ती सूचना दिली नाही. खाली पूर्ण नाव, प्रियंका वाघमोडे. इंद्रजीत साहेबांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात घातला.

“मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. मुलगी पाठवली की असं...”

“मुलगी म्हणून नाही, साहेब.” तिचा आवाज इतका चढला की टाकीवरचं पाखरू उडालं. “विचारलेल्याला धड उत्तर दिलं नाही म्हणून झालं. शिवयोगी साहेबांना फोन करणारच असाल तर तेही सांगा. आणि खोलीला कुलूप लावायचं कारण नाही आता. दीड वाजून गेलाय, काटा बघा.”

त्यांनी काटा बघितला. त्यातलं त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवली. मग त्यांची नजर थारोळ्यात पडलेल्या घोंगड्यावर गेली आणि तिथून म्हाताऱ्यावर.

“हे काय? नातेवाइकांना गच्चीवर मनाई आहे. हे कुणाचं?”

म्हातारा उठायला लागला. त्यानं तोंड उघडलं.

“माझं आहे,” प्रियंका म्हणाली. “उन्हात डोक्यावर घ्यायला आणलंय. आणि पाणी आणायला मीच बोलावलं ह्यांना.”

इंद्रजीत साहेब काहीतरी पुटपुटत जिन्याकडे वळले. खिशातून फोन काढताना ते दारातच दिसले.

गच्चीवर मशीनचा एकसारखा आवाज तेवढा राहिला. प्रियंकानं हत्यारं गोळा केली, दाबाचं घड्याळ काढलं, नळ्या गुंडाळल्या. म्हातारा अजून तिथंच होता. बादलीच्या कडीशी चाळा करत त्यानं विचारलं,

“ताई, आज पाचला पोराला बघाय जाऊ का म्या? का नगं?”

“जावा की!” ती खेकसली, आणि लगेच वळून परत म्हणाली, ह्या वेळी एकेक शब्द सुटा करून, “जावा, आबा. रोज जावा. खोली गार हाय, आन् गारच ऱ्हानार.”

मग तिनं घोंगड्याचं एक टोक उचललं, दुसरं त्याच्या हातात दिलं, आणि दोघं ते पिळायला लागले.