गाडीच्या कपाळावरचं बेगड

थांबली नाही.

फोमचा हलका ठोकळा उडून कुंपणापाशी पडला. गॅरेजवाला रमजान गाडीतून उतरला. चारुलतेने तोंड फिरवलं. तिची सासू, गजराबाई, गाडीकडे धावली.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मागे: शहाद्याचा रस्ता, उसाची ट्रॉली, ट्रॉलीला दिवा नाही. चारुलतेला दिसायच्या आधी ती गाडीला दिसली. गाडीने आपणहून ब्रेक लावला. धडक बसलीच, पण चेपलं ते बोनेट. चारुलता आणि मागच्या सीटवर झोपलेली तिची मुलगी रुचिका पायी घरी आल्या.

तेव्हापासून चारुलता एसटीने जाते. घरात गाडी चालवणारी ती एकटी. "जठलोंग मन्हा डोयासमोर थांबत नही, तठलोंग मी बठसू नही."

म्हणून हे पटांगण, हा ठोकळा: गाडी आपणहून थांबते का, ते तिला दाखवायला.

"सकायले तं थांबनी," रमजान पुटपुटला. नवं बंपर बसवल्यावर त्याने एअरबॅग, पट्टे, पुढचं रडार, सगळं स्कॅनर लावून तपासलं होतं. "आते काय व्हयनं इले?"

काचेमागे पिवळा दिवा. पडद्यावर: पुढचं रडार झाकलेलं आहे.

तो पुढे वाकला. हार होता, कुंकू होतं. पूजा केलेल्या गाड्या त्याने काय थोड्या पाहिल्या? हाराखाली मात्र, कंपनीच्या चिन्हावर, चकाकतं बेगड. रडार बरोबर त्याच्या मागे.

"हाई कोनी लावं?"

गजराबाई.

तिनेच. रमजान जुम्म्याच्या नमाजला गेला तेव्हा.

"मी लावं. पोयाले बैलना शिंगले लावतस ना, तसं. मन्ही सून ना नात जित्ती शेत इन्हामुये. उपकार फेडाना नहीत का?"

"फेडा ना मावशी. पन तुम्ही तं तिन्हा डोयाले पट्टी बांधी दिन्ही!"

चारुलतेला हसू फुटलं. धडकेनंतर पहिल्यांदा.

गजराबाईने नखांनी बेगड खरवडलं. रमजानने मदत देऊ केली, तिने घेतली नाही. ओल्या फडक्याने पुसलं, पदराने कोरडं केलं, तान्ह्याचं तोंड पुसावं तसं. दिवा विझला. रमजानने पुन्हा स्कॅनर लावला, ठोकळा उभा केला, आत बसला.

गाडी निघाली. वेग घेतला. गजराबाईने डोळे मिटले, मग उघडले, कारण सुनेने तिचा हात घट्ट धरला होता.

मग रमजानने दोन्ही पाय वर घेतले, बाहेरून खिडकीत दिसावेत इतके: ब्रेकवर पाय नाही.

गाडी मात्र

थांबली.

ठोकळ्यापासून हातभर अलीकडे.

रमजान खाली उतरला. मग म्हणाला, "तिन्ही तिन्हं काम करं. आते च्या कोन पाजस?"

गजराबाईने हात जोडले. गाडीला की रमजानला, हे तिने ठरवलं नव्हतं. दोघं एकाच बाजूला उभे होते. तो ओशाळून मागे सरकला, तरी तिने हात खाली घेतले नाहीत.

हॉर्न वाजला.

चारुलता स्टिअरिंगवर होती, पट्टा लावून. "आई, चला ना! का तुम्ही एसटीमा येशात?"