सुई थांबल्यावर

रबराच्या कारखान्यातल्या सरांच्या जुन्या मदतनीस मुलीचं पत्र येऊन पडलं होतं, आणि त्यांनी अजून उत्तर धाडलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, "सर, कडकपणा मोजताना आकडा नेमका कधी वाचायचा? साहेबांनी मोजलं की माल बरोबर भरतो, मी मोजलं की मऊ. माझ्या हातातच खोट आहे म्हणतात. हे मिटलं नाही तर मला चाचणीवरून काढून पॅकिंगला बसवतील."

चाचणीची सूचना निवृत्तीआधी सरांनीच लिहिली होती. 'गेजचे टोक रबरात दाबावे व सुई थांबल्यावर आकडा वाचावा.' तेव्हा वाक्य फार सुबक वाटलं होतं.

आता जेवणाच्या टेबलावर रबराचा तुकडा ठेवून ते कडकपणा मोजायचं घरचं जुनं गेज दाबून बघत होते. सुई झपकन वर गेली आणि लगेच उतरू लागली. थांबली म्हणावं, तर पुन्हा केसभर खाली. दाबलं की रबर आधी ताठरतं, मग दाब सोसता सोसता सैल पडत जातं. हे तर त्यांना तोंडपाठ होतं. मग लिहिताना अक्कल कुठे गेली होती? त्यांनी चार पानं गणित लिहिलं, एक पायरी खटकली, चारही पानं फाडली.

"अहो, टेबल पुसायचंय," बायको म्हणाली. "थांबली का ती सुई?"

"थांबतच नाही ती."

"मग तुमच्या साहेबांची बरी थांबायची?"

"त्यांना कुठला धीर. दाबलं की वाचून मोकळे."

म्हणता म्हणता सरांनी गेज खाली ठेवलं. त्या मुलीला पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, घाई करायची नाही. ती बिचारी अजून सुईकडे बघत उभी राहत असणार, आणि तेवढ्यात रबर सैल पडत असणार. त्यांचं ऐकलं म्हणून पोर गोत्यात आली होती.

त्यांनी नवा कागद घेतला. "मला वाटतं, कदाचित..."

बायकोने खांद्यावरून वाचलं. "कदाचित लिहा, म्हणजे तिचं पॅकिंग नक्की."

चिडून त्यांनी ते खोडलं आणि एका दमात लिहिलं, "तुझ्या हातात खोट नाही. माझी सूचना चुकीची आहे. सुई थांबत नसते. दाबल्यापासून दोघांनी सारखाच वेळ मोजून आकडा वाचा, आणि दर वेळी रबरावर नवी जागा घ्या. आकडे जुळतील. हे पत्र साहेबांना दाखव." खाली पूर्ण सही केली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, खोली गरम की थंड यावरही आकडा बदलतो, ते लिहायचं राहिलं. त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली. पाकीट केव्हाच तळाशी गेलं होतं.