भरतीला भरती म्हणावे

मार्गशीर्षातली दुपार. तुडुंब खाडीवर सोनसळी ऊन, उन्हावरून सरकणारी बगळ्यांची शुभ्र, संथ रेघ. शाळेच्या संगणक-खोलीत मात्र त्या उन्हाचा एक तुकडाही नव्हता. तिथे मिताली मान खाली घालून बसली होती.

यंदाच कोल्हापूरकडून सासरगावी राहायला आलेल्या आईसाठी तिने छोटासा प्रोग्राम लिहिला होता. तिथी सांगावी, त्याने ओहोटीची वेळ सांगावी. काल त्याच्या भरवशावर आई भर दुपारी तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, वेचायला गेली, तर वाळूची सगळी पुळण पाण्याखाली! ‘घाटावरची पोवाक इली गो!’ वेचायला नव्हे, पोहायला आली म्हणून किनाऱ्यावरच्या बायका खदखदल्या. आई रिकामी टोपली घेऊन परतली.

“पुसून टाकते, बाई.”

पेडणेकरबाईंनी खुर्ची ओढली. निवृत्तीनंतरही त्या रोज मुलांना शिकवायला येत. “पुसशील गं. आधी मला वाचू दे.”

पडद्यावर अक्षरांची दाट, निबिड राई. ए, बी, पुन्हा ए. ओळीला ओळ चिकटलेली, श्वासाला जागा नाही.

“हा ए कोण?”

“वेळ.”

“कसली?”

“आधी भरतीची... मग ओहोटीची.”

“तुझे बाबा नवी होडी नाव न रंगवता पाण्यात ढकलतात?”

“छे! आजी घरात घेणार नाही.”

“मग ही बिचारी वेळ का बिननावाची ढकललीस?”

मिताली हसली, आणि बोटे चालू लागली. भरतीला भरती म्हटले, ओहोटीला ओहोटी. तीनदा लिहिलेले एकच गणित एका जागी विसावले. ओळी एकमेकींपासून सुट्या झाल्या, आणि त्या मोकळ्या, प्रकाशभरल्या अंतरात चूक आपसूक उभी राहिली.

“बाई! शेवटी मी भरतीचीच वेळ दाखवतेय!”

“मला काय सांगतेस? त्या ओळीला सांग.” बाईंनी पडद्याकडे बोट केले, आणि स्वतःचे हात मुद्दाम मांडीवर ठेवले. मितालीनेच ती ओळ दुरुस्त केली.

संध्याकाळी आईने नवी वेळ ऐकली, लेकीकडे बघितले. “चल, तू बी ये. बुडलो तर दोघी बुडू.”

पहाट. पश्चिमेला मावळता, मोठा, पिवळा चंद्र. किनाऱ्यावर दोघीच. पाणी पावलांपाशी होते, मग नव्हते. ते मागे सरत गेले, सरत गेले, आणि त्याखालून पुळण वर आली: ओली, रुपेरी, अस्पर्श. आईने साडी खोचली. त्या रुपेरी विस्तारावर पावलांची पहिली रांग उमटत गेली, आणि त्या रांगेत हळूहळू पाणी भरत राहिले.