काळनाखव्याचा चेहरा

क्रांतीने रावजीचा चेहरा चोरला तेव्हा तिला जराही वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं.

पुण्यातली एक छोटी कंपनी मोबाइलवरचे गेम बनवायची. क्रांती मुरुडच्या कोळीवाड्यात, आत्याच्या माडीवर लॅपटॉप मांडून त्यांच्यासाठी माणसं घडवायची. चेहरे, चाली, उभं राहायच्या तऱ्हा. नव्या गेमच्या शेवटच्या टप्प्यावर एक दुष्ट हवा होता. भुताळी गलबताचा मालक, काळनाखवा. त्याला मारलं की गेम जिंकला.

"त्याला काहीतरी कहाणी देऊ या," तिच्याबरोबर काम करणारा पियूष म्हणाला होता. "तो असा का झाला, वगैरे. मारताना खेळणाऱ्याचा हात जरा अडखळला पाहिजे."

"काही गरज नाही," क्रांती म्हणाली. "तो वाईट आहे. बस."

तेव्हा खिडकीखाली रावजी दोरीवर बोंबील वाळत घालत होता. क्रांतीने मोबाइल काढला आणि त्याला न कळू देता पंधरा मिनिटं त्याचं शूटिंग केलं. डावा खांदा पडलेला, भुवईवर जुना चिरलेला व्रण, पाय ओढत टाकायची ती चाल. सगळं जसंच्या तसं काळनाखव्याला दिलं.

बावीस वर्षांपूर्वी रावजी आणि आत्याचा, म्हणजे वेणूबाईचा, नवरा हरेश्वर एका होडीने जाळं टाकायला गेले होते. वादळात सापडले. परत आला तो रावजी एकटा. हरेश्वर जाळ्यात अडकून पाण्यात पडला, जाळ्याचा दोर हातातून सुटला, असं त्याने सांगितलं. वेणूबाईने ते कधी मानलं नाही. पोलिसांना काही मिळालं नाही, पण वाड्याने निकाल दिलाच. रावजीच्या होडीवर परत कुणी पाय ठेवला नाही. शाळेसाठी बोर्लीहून आत्याकडे आलेली क्रांती हेच ऐकत वाढली. रावजी समोरून आला की आत्या थुंकायची, म्हणून तीही थुंकायची.

गेम चालला. गणपतीनंतर मुरुडच्या एसटी स्टँडवरसुद्धा पोरं तो खेळताना दिसायला लागली. एकाने रावजीला ओळखलं, आणि मग बंदरावर त्याच्यामागे हाळी उठायला लागली, "काळनाखवा आला, काळनाखवा!" क्रांतीने माडीवरून ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

ऑक्टोबरातल्या एका रणरणत्या दुपारी दाराची कडी वाजली. आत्या बाजारात होती. दारात रावजी उभा होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाय, तो खेळ तूच बनवलास न्हवं?" तो म्हणाला. "मला त्यातनं सोडव."

"पोरं चिडवतात म्हणून मी काय करू?"

"पोरांचं काय न्हाय." त्याने दाराच्या चौकटीचा आधार घेतला. "दुपारचा जरा डोळा लागला की मी तिथं असतो. त्या गलबतावर. डोलकाठीला निळा कंदील. पायाखालची फळी फुटकी. आन एकेक जण येतो मारायला. काय काय जण तर रोजचे झालेत. एक पोरगी हाय, ती कायम डावीकडनं येते."

निळा कंदील गेममध्ये होता. फुटकी फळी होती. रावजीकडे बटणांचा फोन होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोरांनीच सांगितलं असेल, क्रांतीने स्वतःला समजावलं.

"शेवटी पाणी येतं, नाकातोंडात जातं," तो म्हणाला. "पन त्या पाण्याला चव न्हाय, बाय. खारं न्हाय, गोडं न्हाय. कसलंच न्हाय."

गेममधल्या पाण्याला चव असते कुठे, तिच्या मनात आलं. "जा इथून," ती म्हणाली आणि दार लावलं.

वर येऊन तिने गेम उघडला. शेवटच्या टप्प्यावर गेली. काळनाखवा कुऱ्हाड परजत पुढे आला. तिने हल्ला केला नाही, नुसती उभी राहिली. अशा वेळी तो दोन सेकंदांत वार करतो. तसंच बसवलेलं होतं.

तो थांबला.

त्याने कुऱ्हाड फळीवर ठेवली. तिच्याकडे पाठ केली. पाय ओढत कडेला गेला, वाकला आणि पाण्यातून काहीतरी ओढायला लागला. एक हात, मग दुसरा. दोर होता. वर येत नव्हता. गलबत त्या बाजूला कलत चाललं. तो ओढत राहिला, पडका खांदा थरथरत राहिला. मग त्याने कमरेची कोयती काढली आणि दोरावर चालवली. वळून तिच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा वाकला, पहिल्यापासून.

क्रांतीने असं काही बनवलं नव्हतं. तिने एकेक फाइल तपासली. दोर नव्हताच कुठे. तिने पियूषला फोन करून न मारता उभं राहायला सांगितलं.

"मेलो," तो पलीकडून म्हणाला. "दोन सेकंदांत. का गं? तुला काळनाखव्याची दया यायला लागली की काय? दुष्टाचीच दया आली तर गेम खेळणार कोण?"

तिच्यासमोर अजून तो ओढत होता.

उन्हं कलायच्या आधी ती रावजीच्या झोपडीत गेली. तो जाळ्याच्या ढिगावर बसला होता.

"दोर सुटला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही तोडलात."

त्याने मांडीवरचं जाळं बाजूला सारलं.

"होडीत पाणी भरत व्हतं," तो म्हणाला. "जाळं होडीला घेऊन चाललं व्हतं खाली. त्याचा पाय जाळ्यात. दोघं तरी गेलो असतो, न्हायतर एक."

"त्यांनी सांगितलं का, तोड म्हणून?"

"न्हाय. तसं सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं." त्याने आपले तळवे पाहिले. "तो म्हणत व्हता, ओढ. रावजी, ओढ. कोयती दिसली तरी तेच म्हणत व्हता."

क्रांतीला वाटलं होतं, तो निर्दोष निघेल. मग दया करणं सोपं गेलं असतं. ती परत निघाली आणि तो तिला दिसेनासा होईपर्यंत मागे वळून पाहत राहिली.

दिवाळीच्या आधी तिने पियूषला पटवलं आणि काळनाखव्याचा चेहरा बदलला. लोखंडी मुखवटा घातला, चाल सरळ केली. नव्या काळनाखव्यासमोर ती नुसती उभी राहिली. दोन सेकंदांत मेली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. रावजीच्या मागची हाळीही हळूहळू बंद झाली.

दिवाळी झाली आणि तो पुन्हा दारात आला. आधीपेक्षा खंगलेला.

"झोप लागते ना आता?" क्रांतीने विचारलं.

"लागते. पन तिथं आता कोनच येत न्हाय." त्याचा आवाज खोल गेला होता. "गलबत तसंच हाय. कंदील हाय. मी एकटाच फिरतो. ती डावीकडनं यायची ना, ती मारायच्या आधी जरा थांबायची. माझ्या तोंडाकडं बघायची. बावीस वर्षांत कोन बघितलंय, सांग."

"मी परत नाही घालणार तुम्हाला त्यात."

"नको घालू. वेणूला हाक मार."

क्रांती त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. आत्या तिथे सुपात जवळा, बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. रावजीला पाहून तिचे ओठ थुंकण्यासाठी जुळले. तो तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न गाळता. जाळं, पाणी, कोयती. ती ऐकत होती आणि तिची बोटं जवळ्यातला कचरा काढतच होती.

"काय म्हणत व्हता?" तिने विचारलं.

"ओढ म्हणत व्हता."

"अजून काय?"

"अजून काय न्हाय."

तिची बोटं थांबली. "मला वाटायचं, माझं नाव घेतलं असंल," ती म्हणाली. "रोज वाटायचं."

क्रांती मध्ये पडायला पुढे झाली, पण आत्याने हाताने तिला थांबवलं. तिने पहिल्यांदाच मान वर करून रावजीच्या तोंडाकडे पाहिलं. नजर हलवली नाही. रावजीनेही हलवली नाही.

"बस," वेणूबाई म्हणाली.

तो खाली बसला. तिने त्याला पाणी विचारलं नाही, आणि ऊठही म्हटलं नाही. जवळ्याचं सूप दोघांच्या मध्ये होतं. थोड्या वेळाने तिने ते त्याच्याकडे थोडं सरकवलं. त्याने मोतीबिंदूचे डोळे बारीक करून कचरा वेचायला सुरुवात केली.